चव्वेचाळीस मिलिमीटर

दोरी ताणल्याशिवाय मैदानात एकही रेघ मारायची नाही, हा त्यांचा नेम होता. रेघा मारायचं यंत्र होतं, एकतीस वर्षांचा हात होता, तरी आधी दोन खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि मगच पांढरा रंग सोडायचा. त्यावरून क्लबातले सगळे त्यांना दोरीकाका म्हणत. पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

दोरीकाका एका मोठ्या फुटबॉल क्लबाच्या मैदानाचे माळी होते. मैदान अडुसष्ट मीटर रुंद, एकशेपाच मीटर लांब. गवत कापायचं मशीन पाऊण मीटर रुंदीचं. म्हणजे एका कापणीला एक्क्याण्णव फेऱ्या, साडेनऊ किलोमीटर चाल, तीही मशीनच्या मागून, सरळ रेषेत, हँडल जराही न हलवता. दिवसाआड कापणी. एवढं चालून झाल्यावर दोरीकाका गुडघ्यावर बसून ठिकठिकाणी गवताची उंची मोजत. सव्वीस मिलिमीटर पाहिजे म्हणजे सव्वीसच. तीसच्या वर नको हा स्पर्धेचा नियम होता, सव्वीस हा त्यांचा स्वतःचा.

अंतिम सामन्याच्या अकरा दिवस आधी मॅनेजर त्यांच्या अवजारांच्या खोलीत आला. एकतीस वर्षांत कुठलाच मॅनेजर तिथे आला नव्हता. हा आला, पालथ्या बादलीवर बसला, चांगल्या कपड्यांची पर्वा केली नाही. म्हणाला, काका, समोरचा संघ सगळा खेळ मैदानाच्या दोन कडांवरून खेळतो, आपण मधून खेळतो. कडेला गवत थोडं वाढलेलं असेल तर त्यांचा चेंडू अडेल की नाही? दोरीकाका म्हणाले, अडेल. मॅनेजर म्हणाला, पण वरून बघणाऱ्याला कळता कामा नये. असं किती वाढवता येईल? तुमच्याइतकं गवत या देशात कुणाला कळत नाही, म्हणून विचारतो.

दोरीकाकांनी विचार केला. चाळीसला चेंडू नुसता मंदावतो. पन्नासला गवत लोळतं आणि सावली पडते, गॅलरीतून पट्टा दिसतो. त्यांनी सांगितलं, "चव्वेचाळीस."

मॅनेजर पाठ थोपटून निघून गेला. दोरीकाका बराच वेळ हातातला पाना पुसत उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं पुष्कळ, विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नाने ते हुरळले. एकतीस वर्षांच्या इमानावर त्यांनी पाच मिनिटांत पाणी सोडलं, आणि सोडताना त्यांना बरं वाटत होतं, हे त्यांना स्वतःला पुढे फार दिवस खात राहिलं.

काम मात्र चोख केलं. दोन्ही कडांना चार-चार मीटरचे पट्टे. कुणाला शंका येऊ नये म्हणून कापणीच्या दिवशी त्या पट्ट्यांवरही मशीन फिरवायचं, फक्त पाती वर उचललेली. तिथलं गवत चव्वेचाळीसला पोचल्यावर तेवढ्यावरच बेतून कापलं, मग हलका रोलर फिरवून गवताचं पातं एका अंगाला निजवलं. गॅलरीच्या सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बघितलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खाली येताना त्यांना पहिल्यांदा कसंसंच झालं. इतकं नेटकं काम आणि इतकं घाणेरडं काम एकाच हाताने एकाच वेळी होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

क्लबाने सामना एक शून्याने जिंकला. समोरच्या संघाचा कडेने पळणारा खेळाडू दोनदा चेंडू मागे सोडून पुढे गेला आणि लोक पोट धरून हसले. तिसऱ्यांदा तो थांबला, खाली वाकला, मूठभर गवत उपटलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

तिथून पुढारी घुसले.

या शहराचे मंत्री दुसऱ्याच दिवशी बोलले. निवडणूक दोन महिन्यांवर होती. गवतावर बोट ठेवणं म्हणजे आमच्या मातीवर बोट ठेवणं आहे, असं ते म्हणाले. त्यांनी आयुष्यात या मातीला हात लावलेला दोरीकाकांनी तरी पाहिला नव्हता. उद्घाटनाला येत तेव्हा गालिच्यावरून येत आणि गालिच्यावरूनच जात. गालिचा उचलल्यावर खालचं गवत पिवळं पडलेलं असे, ते पंधरा दिवस दोरीकाका निस्तरत.

विरोधी पक्षाचा पुढारी समोरच्या संघाच्या शहरातला. त्याने काचेच्या बरणीत गवत भरून थेट सभागृहात नेलं आणि बरणी उंच धरून भाषण ठोकलं. टीव्हीवर बरणी जवळून दाखवली तेव्हा दोरीकाका खुर्चीतून पुढे सरकले. बरणीत रुंद पानाचं तण होतं, रस्त्याच्या कडेला, गटाराजवळ उगवतं ते. त्यांच्या मैदानात असलं एक पातं सापडलं असतं तर त्यांनी दिवसभर जेवण घेतलं नसतं.

"खोटं सिद्ध करायलासुद्धा खोटंच आणलंय," ते बायकोला म्हणाले.

"आणि खरं आहे ते?" बायकोने विचारलं. तिला सगळं सांगितलेलं होतं, फक्त आकडा कुणाचा ते सोडून.

त्यांनी नजर बरणीवरच ठेवली. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई, आणि दोन्ही पक्षांची माणसं. पाहणी होईपर्यंत गवताला मशीन लावायचं नाही असा हुकूम निघाला. पाच दिवस दोरीकाका कठड्याला टेकून वाढणारं गवत बघत राहिले. अंगावरचा शर्ट पाच दिवस बदलू दिला नाही तर माणसाला जसं होईल तसं त्यांना होत होतं.

त्याच दिवसांत जावई घरी आला. जावई मंत्र्यांच्या पक्षात काम करत होता. सभेच्या खुर्च्या मोजण्यापासून सुरुवात करून आता तो मंत्र्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसण्यापर्यंत पोचला होता, आणि नगरसभेच्या उमेदवारीकडे डोळे लावून होता. त्याने समजावलं की बाबा, तुम्ही काही करू नका, काही बोलू नका, नुसते उभे राहा. मोजमाप होईल, फरक निघणार नाही, सगळं शांत होईल. दोरीकाकांनी विचारलं, फरक निघणार नाही म्हणजे? गवत त्यांचं ऐकतं का? जावई हसला आणि म्हणाला, ते आमच्यावर सोडा.

दोरीकाकांनी गप्प राहायचं ठरवलं. हे लपवण्यात अर्थ नाही. नोकरीचे पाच महिने उरले होते. एकतीस वर्षं ज्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही त्याचं नाव शेवटच्या पाच महिन्यांत लबाड म्हणून लागायला नको, एवढीच त्यांची इच्छा होती. मान खाली घालून उभं राहायचं, लोकांना जायचं तेव्हा जाऊ द्यायचं, मग मशीन काढायचं आणि सगळं परत सव्वीसला आणायचं.

पाहणीच्या दिवशी सकाळी दहा वाजता साठेक माणसं मैदानात शिरली. कॅमेरेवाले, अंगरक्षक, दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते. टाचेचे बूट, टोकदार बूट. कुणी सिगारेटचं थोटूक गोलसमोर टाकून पायाने चिरडलं. मंत्री आणि विरोधी पुढारी एकमेकांना हात जोडून भेटले, कानात काही बोलले, दोघेही हसले आणि कॅमेरे फिरल्यावर दोघांनीही तोंडं कडू केली. दोरीकाकांना वाटलं होतं की हे खरोखर भांडतात.

मोजणीचं काम मंत्र्यांच्या पक्षाने मागून घेतलं होतं आणि ते जावयाकडे आलं होतं. त्याच्या हातात शाळेतल्या पोरांची असते तसली प्लास्टिकची पट्टी होती. आधी मधल्या भागात मोजलं. तिथली जमीन उन्हाने टणक, पट्टी मातीवर टेकली. छत्तीस मिलिमीटर. मग सगळे कडेला आले. कडेला गॅलरीची सावली असते, माती ओलसर आणि मऊ. जावयाने उकिडवं बसून पट्टी उभी धरली आणि वरून अंगठ्याने दाबली. पट्टी लोण्यात सुरी जावी तशी मातीत शिरली.

"एकोणचाळीस," जावई म्हणाला. "तीनचा फरक. तेवढा असतोच."

न्यायाधीशबाईंनी मान डोलावली, लेखनिकाने आकडा लिहिला. मंत्र्यांनी घसा खाकरला आणि कॅमेऱ्यांकडे वळले.

पट्टी मातीत रुतवून गवत मोजलं होतं. पोटापर्यंत खड्ड्यात उभं करून माणसाची उंची घ्यावी तसलं हे माप होतं. दोरीकाकांच्या हाताखाली शिकायला आलेल्या एखाद्याने असं केलं असतं तर त्याला त्यांनी त्या दिवशी अवजाराला हात लावू दिला नसता. लबाडी त्यांनी पचवली होती, निदान तसं त्यांना वाटत होतं. पण आपल्या मैदानावर, आपल्या डोळ्यांदेखत, इतकं गचाळ मोजमाप कागदावर चढतंय हे त्यांना सहन झालं नाही. आपण काय करतोय हे कळायच्या आत ते पुढे झाले होते.

"माप चुकलं," ते म्हणाले.

जावयाने वर बघितलं. "बाबा, तुम्ही थांबा."

"जावईबापू, पट्टी मातीवर टेकवायची असते, पेरायची नसते."

दोघेतिघे हसले. दोरीकाकांनी खिशातून स्वतःचं माप काढलं. पोलादी पट्टी, आणि मातीत रुतू नये म्हणून तिच्या पायाशी कोटाच्या बटणाएवढी चकती डाग देऊन बसवलेली. ते गुडघ्यावर बसले. तीन ठिकाणी मोजलं, पलीकडच्या कडेला चालत जाऊन तिथेही तीन ठिकाणी मोजलं. साठ माणसं त्यांच्या मागून मैदानभर चालली.

"मध्ये छत्तीस, कडेला चोपन्न. दोन्ही बाजूंना. फरक अठराचा," त्यांनी सांगितलं. "सामन्याच्या दिवशी सव्वीस आणि चव्वेचाळीस होतं. त्यानंतर मशीन लागलेलं नाही, दहा-दहा वाढलं."

हे बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण कबुली दिली.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे कुणी केलं? दोरीकाका म्हणाले, मॅनेजरसाहेब सांगायला आले होते, मी केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण चव्वेचाळीस हा आकडा कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या क्षणी विरोधी पुढाऱ्याने त्यांचं मनगट पकडून हात वर केला. कॅमेरे लखलखले. पुढाऱ्याच्या तळहाताला घाम होता आणि अत्तराचा वास होता. दोरीकाकांनी हात सोडवून घेतला आणि पँटला पुसला. मंत्र्यांनी जाता जाता पत्रकारांना सांगितलं की या माणसाला किती पैसे मिळाले ते आधी शोधा. जावई कुणाकडेही न बघता मंत्र्यांच्या गाडीकडे गेला. मागच्या सीटवर आता दुसराच कुणी बसलेला होता, म्हणून त्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसावं लागलं.

दोन दिवसांत शहरभर दोरीकाकांची चित्रं लागली. गुडघ्यावर बसलेले दोरीकाका, शेजारी विरोधी पुढारी दुप्पट मोठा, खाली लिहिलेलं, सत्याचा रखवालदार. तिसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या माणसांनी त्या चित्रांना काळं फासलं. फासतानाही कामचुकारपणा केला होता, कुठे नाक राहिलं होतं, कुठे कान. भाजी आणायला जाताना दोरीकाकांना स्वतःची आठ तोंडं ओलांडून जावं लागे. त्यांना काळ्या तोंडांचं फारसं वाईट वाटलं नाही. ज्यांच्याखाली सत्याचा रखवालदार लिहिलेलं शाबूत होतं, त्यांची किळस आली.

मग एका सकाळी सगळी चित्रं नाहीशी झाली. क्लबाच्या मॅनेजरने राजीनामा देऊन विरोधी पक्षात प्रवेश केला होता. टीव्हीवर पुढारी त्याला पुष्पगुच्छ देत होता. फुटबॉलवाल्यांची मतं त्याच्यामागून येतील असा हिशेब होता. आता मॅनेजरने फसवणूक केली असं म्हणणं पुढाऱ्याला परवडत नव्हतं आणि क्लबाने फसवणूक केली असं मंत्र्यांना कधीच परवडणारं नव्हतं. दोघांचं एकमत झालं. सामना पुन्हा खेळवायचा, मैदानात दोघांनी मिळून जायचं. दोषी कुणीच नाही. फक्त एक कागद कमी होता.

तो कागद जावई घेऊन आला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच या घराची पायरी चढत होता. सोबत मुलगीही होती, ती आईजवळ जाऊन बसली. कागदावर टाइप केलेलं होतं की वयोमानानुसार दृष्टी मंदावल्यामुळे मशीनच्या पात्यांची उंची लावताना माझ्याकडून नजरचूक झाली, त्यात कुणाचाही हेतू नव्हता.

"खाली सही करा," जावई म्हणाला. "नोकरी राहते. निरोप समारंभ होईल, मंत्री स्वतः शाल देतील."

"माझी दृष्टी मंदावली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाबा, तो शब्द आहे नुसता."

बायको मध्येच म्हणाली, "काल माझ्या सुईत दोरा यांनी ओवून दिला. मला दिसत नव्हता."

दोरीकाकांनी कागद दोनदा वाचला. चष्म्याशिवाय वाचला आणि जावयाला ते दिसेल असा वाचला. म्हणाले, "लबाडी केली असं लिहून आणा. आत्ता सही करतो. काम चुकलं असं लिहिलंत तर नाही. एकतीस वर्षांत माझ्याकडून उंची चुकलेली नाही. त्या दिवशीही चुकली नाही. चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीसच होती."

"लबाडी लिहिलं तर मॅनेजर त्यात आला."

"आलाच पाहिजे. आणि मीही. आकडा माझा होता."

बायकोने हातातली सुई खाली ठेवली. दोरीकाकांनी सगळं सांगितलं. बादलीवर बसलेला मॅनेजर, त्याने विचारलेला प्रश्न, आणि आपल्याला कसं बरं वाटलं ते. सांगताना ते कुणाकडेही बघत नव्हते.

"म्हणजे हुकूम नव्हताच," मुलगी म्हणाली.

"नव्हता. विचारलं होतं. नाही म्हणता आलं असतं."

जावयाने कपाळाला हात लावला. म्हणाला, हे तुम्ही बाहेर बोललात तर तुम्हाला ठेवणार नाहीत, मलाही ठेवणार नाहीत, आणि बोलून होणार काय? कुणाला पाहिजे आहे ते? त्याचं शेवटचं म्हणणं बरोबर होतं.

दोरीकाकांनी त्याच रात्री नाही, घाईत नाही, दुसऱ्या दिवशी उजेडात बसून स्वतःच्या हाताने कागद लिहिला. चार ओळी. सामन्याच्या अकरा दिवस आधी मॅनेजरने विचारलं, मी चव्वेचाळीस सांगितले, मी ते केले, मला कळत होतं. खाली सही. कागद घेऊन ते समितीच्या कचेरीत गेले.

लेखनिकाने वाचला. सज्जन माणूस होता. त्याने कागद उलटा करून मागे बघितलं.

"काका, यात डोळ्यांचं काहीच नाही."

"नाहीच आहे."

"समितीला डोळ्यांचा कागद पाहिजे आहे. तो दिलात तर मी लगेच पोच देतो." मग तो जरा वाकला आणि मोठ्या आवाजात, सावकाश म्हणाला, "तुम्हाला वाचायला त्रास होत असेल तर मी वाचून दाखवतो."

दोरीकाकांनी आपला कागद त्याच्या टेबलावर ठेवला, वर दौत ठेवली आणि बाहेर आले.

अहवाल पंधरा दिवसांनी निघाला. त्यात सहीशिवायच लिहिलेलं होतं की माळी अतिशय प्रामाणिक असून अधू दृष्टीमुळे त्याच्याकडून अनवधानाने चूक झाली, समितीला त्याच्याविषयी सहानुभूती आहे. त्यांच्या चार ओळींचा उल्लेख कुठेच नव्हता. क्लबाने त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव घरी बसवलं. मैदान एका ठेकेदाराला दिलं. पुन्हा खेळलेल्या सामन्यात मंत्री आणि पुढारी यांनी मिळून चेंडूला पाय लावला. दोघांचा मिळून एक पाय नीट लागला नाही. पट्टी पेरूनही जावयाला उमेदवारी मिळाली. मुलगी रविवारी एकटी येऊ लागली.

दोरीकाकांनी लोकांच्या शिव्यांची तयारी ठेवली होती. दुकानात, बसमध्ये, गल्लीत कुणीतरी लबाड म्हणेल, म्हटलं तर ऐकून घ्यायचं, ते आपलंच आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. कुणीच म्हटलं नाही. दुकानदार सुटे पैसे त्यांच्या तळहातावर एकेक करून ठेवी आणि मोठ्याने मोजून दाखवी. बसमध्ये लोक उठून जागा देत. शेजारची बाई त्यांच्या बायकोला म्हणाली, एवढा कष्टाळू माणूस, डोळ्यांनीच दगा दिला बघा. दोरीकाका घरात जाऊन बसले आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर पडले नाहीत.

पण घरी किती दिवस बसणार. साडेनऊ किलोमीटर चालायची सवय असलेले पाय. एका सकाळी ते मोठ्या रस्त्याच्या कडेला उभे होते, गाड्या थांबायची वाट बघत. डबा घेऊन कामाला निघालेल्या एका माणसाने त्यांना ओळखलं. काही न विचारता त्याने त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हाताने गाड्या थांबवल्या आणि त्यांना घेऊन निघाला. त्याला कामावर उशीर होत असणार, तरी तो त्यांच्या पावलाने चालत होता.

रस्त्याच्या मध्यावर दोरीकाका थांबले.

"अहो, मला दिसतं," ते म्हणाले. "चांगलं दिसतं. मी फसवलं होतं. समजून उमजून."

"हो, हो, काका," तो माणूस मायेने म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. आता जरा सांभाळून, पुढे पायरी आहे."

पायरी होती. दोरीकाकांना ती पलीकडच्या कडेपासूनच दिसत होती.